‘म्वालिमू’, ‘तालीम’ आणि स्वावलंबन

प्रश्न असा आहे: टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना लोक ‘म्वालिमू’ म्हणत. या शब्दाचं आपल्या ‘तालमी’शी काही नातं आहे का? आणि त्यांच्या १९६७ सालच्या ‘एलिमू या कुजितेगेमेआ’ या पुस्तिकेचं नाव मराठीत कसं सांगावं?

नातं आहे, आणि सख्खं आहे. अरबीत ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून ‘तालीम’ म्हणजे शिकवणं आणि ‘मुअल्लिम’ म्हणजे शिकवणारा. तालीम फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि थेट आखाड्याच्या लाल मातीत उतरली. पुढे नाटकवाल्यांनीही ती घेतली. पण ‘अमक्या बुवांच्या तालमीत तयार झालेला’ म्हणतो, तेव्हा मूळ अर्थ अजून ऐकू येतो. मुअल्लिम मात्र पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. तिथल्या स्वाहिली भाषेत माणसांच्या नामांना एकवचनात ‘म्’ किंवा ‘म्व’ लागतो, अनेकवचनात ‘वा’. म्हणून एक म्वालिमू, अनेक वालिमू. उसन्या शब्दाचं अनेकवचनही घरच्या रीतीने चालावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ‘एलिमू’ म्हणजे तोच इल्म.

न्येरेरे खरोखरच मास्तर होते. १९५५ मध्ये पुगूच्या शाळेतली नोकरी सोडून ते पूर्णवेळ राजकारणात आले, तरी बिरुद तेच राहिलं.

आता ‘कुजितेगेमेआ’. ‘कु’ म्हणजे आपला ‘-णे’, ‘जि’ म्हणजे स्वतः, ‘तेगेमेआ’ म्हणजे टेकणे, विसंबणे. ‘स्वावलंबन’ची घडण हुबेहूब हीच आहे, म्हणून ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ म्हणावं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्या रयत शिक्षण संस्थेमुळे हा शब्द आपल्या शाळांना परकाही नाही.

एक फरक मात्र सांभाळायला हवा. मराठीत स्वावलंबी मूल म्हणजे आपलं ताट आपण घासणारं, एकट्याचं. न्येरेरेंचा ‘स्व’ अख्ख्या गावाचा आहे. तेव्हा प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत फार थोडी मुलं जात. बाकीची शेतावर परतत. शाळेने त्यांना शेताची लाज वाटायला लावू नये, म्हणून शाळेचं स्वतःचं शेत असावं, मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून पिकवावं, उत्पन्नाचं काय करायचं तेही मिळून ठरवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषांतर करणाऱ्याने शीर्षकाखाली एवढा खुलासा जरूर द्यावा.

उच्चाराचं म्हणाल, तर स्वाहिलीत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: म्वालिमूत ‘लि’वर, कुजितेगेमेआत ‘मे’वर.