चॅनल किती पॅकेट गाळेल याचा नेम नसेल, तर नेटवर्क कोडिंगने क्षमतेची मर्यादा ओलांडता येते का?

नाही. मर्यादा, म्हणजे चॅनलमधून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते ते, तीच राहते. फक्त साध्या राउटिंगला, म्हणजे पॅकेट जशीच्या तशी पुढे ढकलण्याला, जिथवर पोचता येत नाही, तिथे कोडिंगने, म्हणजे मधल्या नोडनी (वाटेतल्या यंत्रांनी) पॅकेट मिसळून पाठवल्याने, पोचता येतं.

आल्स्वेडे, त्साय (Cai), ली आणि युंग या संशोधकांनी 2000 साली दाखवलं की एका स्रोताकडून अनेकांना एकच माहिती पाठवायची असेल, तर मधल्या नोडनी पॅकेट एकमेकांत मिसळल्यावर प्रत्येकाला मिन-कटइतका वेग मिळू शकतो (मिन-कट म्हणजे स्रोत आणि ग्राहक यांच्यामधल्या सगळ्यांत अरुंद जागेची एकूण क्षमता). पण तिथल्या लिंक बिनचूक होत्या. तुमच्या गळक्या लिंकचं गणित असं आहे:

दोन टप्पे आहेत आणि प्रत्येकावर 20 टक्के पॅकेट गळतात. स्रोताने 100 पाठवली, मधल्या नोडला 80 मिळाली. त्याने ती नुसती पुढे ढकलली तर 64 पोचतात, आणि दुसऱ्या लिंकवरच्या 20 पाळ्या रिकाम्या जातात. त्याऐवजी त्याने हाती आलेल्यांची 100 नवी यादृच्छिक रेषीय मिश्रणं (प्रत्येक पॅकेटला कुठल्यातरी आकड्याने गुणून केलेल्या बेरजा) पाठवली तर सुमारे 80 पोचतात, आणि बहुतेक सगळी कामाची असतात. असे दहा टप्पे असतील तर पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटमागे नुसतं ढकलून 0.11 पोचतात, मिसळून 0.8.

अर्थात एकच ग्राहक असेल आणि प्रत्येक टप्प्यावर पोच घेऊन गळालेलं पुन्हा पाठवलं, तरीही 0.8च मिळतात. कोडिंगचं बरंचसं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं. खरा फायदा होतो तो पोच महाग असते तिथे, किंवा ऐकणारे अनेक असतात तिथे.

आता नेम नसण्याचा मुद्दा. गळती 10 ते 40 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, असं समजा. दर, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटमागे किती माहिती पोचवायची ते, आधीच ठरवायचा तर 0.6 धरावा लागतो. दर न ठरवता मिश्रणं पाठवत राहिलात आणि ग्राहकाने ‘पुरे’ म्हटल्यावर थांबलात, तर चांगल्या दिवशी 0.9च्या आसपास जाता. ऐकणारे अनेक असतील तर मात्र सगळ्यांत वाईट लिंकवाल्यासाठी थांबावं लागतं.

याची किंमत हेडरमध्ये पडते. कुठलं पॅकेट कशाने गुणलं ते ग्राहकाला कळायला गुणक सोबत पाठवावे लागतात. 256 घटकांच्या क्षेत्रात, म्हणजे गुणक 256 किमतींपैकी एक असतो तिथे, 32 पॅकेटांच्या गटाला 32 बाइट गुणक लागतात. 1400 बाइटच्या पॅकेटमध्ये ते खपून जातं. पण हजारांचा गट केलात तर हजार बाइट त्यातच गेले! म्हणून नुसत्या 0 आणि 1वर काम भागवावंसं वाटतं, पण तिथे नेमकी 32 मिश्रणं मिळाल्यावर सगळं सुटण्याची शक्यता जेमतेम 29 टक्के. 256च्या क्षेत्रात ती 99.6 टक्के असते.

हे सगळं गळतीपुरतं. कुणी मुद्दाम बिघडवलेली पॅकेट आत सोडली तर मिसळताना ती सगळीकडे पसरतात. मिन-कट C असेल आणि z लिंक शत्रूच्या हातात असतील, तर स्रोत आणि ग्राहक यांच्यात काही गुपित नसताना C − 2z एवढाच दर खात्रीने मिळतो. गुपित असेल तर C − z. मी असतो तर आधी प्रत्येक टप्प्यावर पॅकेटची सत्यता तपासून खोटी तिथेच टाकून दिली असती. मग ती फक्त गळती ठरते.