दुपारी भरपूर ऑक्सिजन, तरीही पहाटे मासे मृत का?

प्रश्न : आमच्या वसाहतीलगतच्या लहान, उथळ तलावाचे पाणी उन्हाळ्यात गर्द हिरवे होते आणि काही वेळा सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. आम्ही दुपारी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तेव्हा तो लिटरला १२ मिलिग्रॅम भरला. मग मासे कशाने मरतात? कारंजे बसवावे, की शैवाल मारणारे औषध टाकावे?

उत्तर : तुमचा आकडा बरोबर असेल, पण तो तलाव निरोगी असल्याचे सांगत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो; त्यावरचा ऑक्सिजन उन्हात शैवालाने प्रकाशसंश्लेषणातून सोडलेला असतो, म्हणजे १२ हा आकडा शैवाल माजल्याची खूण आहे. रात्री प्रकाश नसतो, श्वसन मात्र चालूच राहते, आणि शैवाल, मासे व गाळातील जीवाणू मिळून साठा इतका वापरतात की सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो. ५ मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो आणि २ च्या खाली अनेक जाती तगत नाहीत. सलग ढगाळ दिवस आले की धोका आणखी वाढतो. म्हणून सूर्योदयापूर्वी मोजा, त्याच जागी दुपारी पुन्हा मोजा, आणि दोन आकड्यांमधील तफावत वहीत नोंदवत राहा. सोबत पारदर्शकतेची नोंद ठेवा : २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. साधन अगदी स्वस्त आहे, पण एकाच व्यक्तीने नियमाने घेतलेल्या नोंदी फार बोलक्या ठरतात.

आता कारणाकडे वळू. कॅनडातील ‘सरोवर २२६’ १९७३ मध्ये प्रयोगासाठी पडद्याने दुभागून दोन्ही भागांत कार्बन व नत्र घातले गेले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. शैवालाने हिरवा झाला तो तेवढाच भाग, म्हणजे शैवाल माजवणारा घटक फॉस्फरस ठरला. तुमच्या तलावात हा फॉस्फरस कोठून येतो, हे शोधणे हेच खरे काम आहे. पावसाळी गटाराचे तोंड कोरड्या दिवसांत पाहा : पाऊस नसतानाही त्यातून पाणी वाहत असेल, तर त्यात बहुधा कोठेतरी सांडपाणी मिसळते आहे. हिरवळीवरील खत आणि कुजणारा पालापाचोळा हेही हातभार लावतात.

कारंज्याने मासे वाचू शकतात, पण फॉस्फरस पाण्यातच राहतो. शिवाय शोभेसाठी संध्याकाळी चालवून रात्री बंद केलेले कारंजे नेमक्या गरजेच्या वेळी निकामी ठरते. ते मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत चालवावे. शैवालनाशक टाकण्यास माझा स्पष्ट विरोध आहे, कारण एकदम मेलेले शैवाल कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवते आणि त्यातील फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो.

सांडपाणी थांबवल्यानंतरही काही वर्षे पाणी हिरवे दिसू शकते, याची मनाची तयारी असू द्या : तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस मोकळा होतो. अशा वेळी गाळ काढण्याचा खर्च सार्थकी लागतो, मात्र गटार वळवण्याआधी काढलात तर नवा गाळ तोच दोष घेऊन येईल. पृष्ठभागावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा दाट थर दिसल्यास तो विषारी नील-हरित शैवालाचा असू शकतो. त्या काळात मुलांना व पाळीव प्राण्यांना पाण्यापासून दूर ठेवावे.