रेड-१ सर्व्हर बूट होत नाही? आधी हे बघा

घाबरू नका, डेटा बहुतेक शाबूत असतो. लिनक्सवर रेड-१ म्हणजे मिरर, दोन डिस्कवर एकच डेटा. तो असूनही बूट अडतं, कारण ग्रब (सिस्टीम सुरू करून देणारा बूट लोडर) बऱ्याचदा एकाच डिस्कवर टाकलेला असतो. नेमकी तीच गेली की दुसरीवर सगळा डेटा असूनही मशीन उठत नाही.

लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने) मशीन चालू करा आणि 'एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन' (mdadm --assemble --scan) द्या, म्हणजे डिस्कची जोडी पुन्हा जुळते. मग जोडीची स्थिती दाखवणारी, प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल (/proc/mdstat) वाचा. चौकटी कंसात दोन 'यू' दिसले तर जोडी पूर्ण आहे. एका 'यू'च्या जागी खालची रेघ असेल तर एक डिस्क बाहेर पडली आहे. डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने कळते, पण आधी केबल काढून घट्ट बसवा. दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'असेंबल'ऐवजी 'क्रिएट' (नवी जोडी बनवणारा पर्याय) देतात. हे अजिबात करू नका, डेटा जाऊ शकतो.
- मिररमधल्या एकाच डिस्कवर थेट एफएससीके (fsck, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवतात. त्याने दोन प्रतींत फरक पडतो.
- सिरियल नंबर न बघता डिस्क उपसतात आणि बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क बाहेर येते.

सुरू असलेल्या डिस्कवरून बॅकअप घ्या, मगच क्रूट (chroot) करून, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून सर्व्हरच्या मूळ सिस्टीममध्ये शिरून, दोन्ही डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवा. यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेली बूट पद्धत) असेल तर बूट फाइल्स ठेवणारं ईएफआय पार्टिशन सहसा मिररमध्ये नसतं, ते दुसऱ्या डिस्कवर वेगळं कॉपी करावं लागतं.