चवथीसाठी फोंड्यातल्या जुन्या घराचा रंग खरवडला. अडीच वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.5. शिशामुळे असेल का?

असू शकतं, पण पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर. या वयात तीच जास्त आढळते. गोम अशी, की लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं आणि शिसं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एन्झाइमांनाच अडवतं. म्हणून नुसत्या टॉनिकवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगून फेरिटिनसोबत (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) रक्तातलं शिसंही तपासा. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर स्रोत शोधायलाच हवा. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्यामुळे फोंड्यातल्या वडिलोपार्जित घराचे त्याआधीचे थर संशयास्पदच. कोरडं घासणं आजच थांबवा (भिंती तशाच राहिल्या म्हणून गणपती रागावणार नाही), धूळ ओल्या फडक्याने पुसा, मुलीला तोवर आजोळी ठेवा.