वाचकांचे प्रश्न : जुनी दुर्बीण, हरवलेले भाग आणि आरशांची जुळणी

प्रश्न : जुन्या बाजारात ११४ मिमी आरशाची, ९०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) न्यूटोनियन, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण मिळाली. आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) नाहीत, पुढचा छोटा तिरका आरसा निखळून हरवलाय आणि मोठ्या आरशावर धुळीचा थर आहे. दुरुस्त होईल का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : मोठ्या आरशाचा मुलामा शाबूत असेल तर नक्की होईल. आरसा कड्यातून काढा आणि अंधारात त्याच्या मागे टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे चार-दोन ठिपके उजळले तर काळजी नको. चट्टेच्या चट्टे पारदर्शक दिसले, तर ॲल्युमिनियमचा मुलामा नव्याने द्यावा लागेल. ते काम निर्वात भांड्यात होतं, घरी जमणार नाही.

धूळ कोरड्या कापडाने पुसू नका, एकाच पुसण्यात ओरखडे पडतात. आधी नळाच्या बारीक धारेखाली खरखरीत कण वाहून जाऊ द्या. मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून आरसा दहा मिनिटं बुडवून ठेवा. कापसाचा बोळा दाब न देता एकाच दिशेने ओढा आणि दर वेळी नवा बोळा घ्या. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओता, म्हणजे पाण्याचे डाग राहत नाहीत. आरसा तिरका उभा करून वाळू द्या. परत बसवताना क्लिपा आवळू नका. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकला पाहिजे, नाहीतर तारा तिकोनी दिसतो.

तिरक्या आरशाच्या जागी घरातल्या आरशाचा तुकडा लावायचा मोह टाळा. त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे प्रतिमा दुहेरी दिसते. शिवाय ती काच पुरेशी सपाट नसते. पुढच्या बाजूला मुलामा असलेला, लंबवर्तुळाकार आरसाच हवा. त्याचं माप असं काढा : नळीच्या मध्यापासून आयपीसच्या नाभीपर्यंतचं अंतर साधारण १५० मिमी धरलं, तर ९०० भागिले ११४ म्हणजे ७.९ ने भागून १९ मिमी येतात. कडेचं दृश्यही उजळ हवं म्हणून २५ मिमी लघुअक्षाचा (आखूड बाजूने मोजलेलं माप) घ्या, दीर्घअक्ष (लांब बाजूचं माप) ३५ मिमीच्या आसपास असेल. धारकावर तो न्यूट्रल सिलिकॉनच्या तीन ठिपक्यांवर चिकटवा. ठिपके दोन-तीन मिमी जाड ठेवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. आंबट वासाचं सिलिकॉन टाळा, त्यातून सुटणारं ॲसिड मुलाम्याला बाधतं.

आता जुळणी. इथे क्रम चुकला की रात्रभर स्क्रू फिरवूनही काही हाती लागत नाही. आधी छोटा आरसा, मग मोठा.

मोठ्या आरशाच्या मापाचा ट्रेसिंग पेपर कापून चार घड्या घाला, टोक किंचित कातरा, म्हणजे केंद्राचं भोक मिळेल. तिथे फायलीच्या कागदाला लावतात तसलं चिकट कडं लावा. ही जागा छोट्या आरशाच्या सावलीतच असते, म्हणून प्रकाशाचं नुकसान होत नाही. फोकसरच्या (आयपीस बसवायची सरकती नळी) टोपणाला बरोबर मध्ये २ मिमीचं भोक पाडा, हे तुमचं जुळणीचं साधन.

नळी आडवी ठेवा, म्हणजे निसटलेली ॲलन की मोठ्या आरशावर पडणार नाही. नळीच्या आत, फोकसरच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद आणि दोन आरशांच्या मध्ये रंगीत कागद लावा. भोकातून पाहत मधला बोल्ट फिरवून छोटा आरसा गोल आणि मधोमध आणा. रंगीत कागद काढा. छोट्या आरशाच्या धारकावरच्या तीन बारीक स्क्रूंनी मोठ्या आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत कोन बदला, एक सैल केला की दुसरे दोन आवळत जा. स्क्रूंची टोकं मऊ धारकात खड्डे पाडतात आणि नंतर आरसा पुन्हा त्याच खड्ड्यात घसरतो. मध्ये स्टीलचा पातळ वॉशर टाका, ही कटकट थांबेल. शेवटी मोठ्या आरशामागचे स्क्रू फिरवून टोपणाच्या भोकाचा आरशात दिसणारा काळा ठिपका त्या चिकट कड्याच्या मध्ये आणा.

खरी परीक्षा ताऱ्यावर. आयपीस २५ मिमीचं (३६ पट) आणि १० मिमीचं (९० पट) एवढी दोन पुरेत. दुर्बीण अर्धा तास गच्चीवर थंड होऊ द्या आणि ध्रुवतारा धरा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, पण जवळपास हलत नाही, हा मोठा फायदा. १० मिमीच्या आयपीसमध्ये तारा दृश्याच्या मध्यभागी ठेवून फोकस थोडा बिघडवा, म्हणजे ताऱ्याच्या जागी एकात एक प्रकाशाची कडी दिसतील. कड्यांच्या मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल, तर मागचा एक स्क्रू पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा मध्यभागी आणा, मगच पुढचा फेरा. फाइंडरची (नळीवर बसवलेली, तारा शोधायची छोटी दुर्बीण) जुळणी मात्र दिवसा, पारसिकच्या डोंगरावरच्या दूरच्या खुणेवर करून घ्या. ऐरोलीतून डोंगर पूर्वेला आहे, म्हणून दुपारनंतर, सूर्य पाठीमागे असताना.

प्रश्न : नळीवर १००० मिमी लिहिलंय, पण नळी अर्ध्या मीटरचीच आहे. फसवणूक आहे का? (वाचक, कळवा)

उत्तर : नाही. अशा दुर्बिणीत फोकसरच्या तळाशी नाभीय अंतर वाढवणारं भिंग असतं. आधीच्या मालकाने ते ‘जास्तीचं’ समजून काढलंय का ते पाहा. ते नसेल तर चित्र कधीच स्वच्छ येणार नाही. असेल तर लेझरने जुळणी करण्यापूर्वी ते काढून ठेवा, नाहीतर किरण भलतीकडे दिसतो.

प्रश्न : खोक्यात ‘सन’ लिहिलेली छोटी गडद काच आहे. वापरू का? (वाचक, खारघर)

उत्तर : मुळीच नाही. ती आयपीसला लागते, म्हणजे आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता तिच्यावर पडते. ती तडकली तर क्षणात डोळा जातो. आजच फोडून टाका, पुढच्या मालकाच्या हातीही लागू देऊ नका. सूर्य पाहायचा तर नळीच्या तोंडावर, पुढून घट्ट बसणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टरच हवा, आणि त्या वेळी फाइंडर झाकलेला किंवा काढलेला असला पाहिजे.