बेशुद्ध नशेबाजाला हात लावला तर फेंटॅनिल (अफूसारखा परिणाम करणारं, फार जोरकस वेदनाशामक, ज्याची नशाही करतात) आपल्या अंगात जातं का? मुंबईत लोकलमध्ये, स्टेशनवर असं कुणी दिसलं तर काय करावं?

नाही जात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘नुसत्या स्पर्शाने पोलीस कोसळला’ छापाचे व्हिडिओ मनावर घेऊ नका. कॅन्सरच्या रुग्णांसाठी, औषध कातडीतून शिरावं म्हणून, फेंटॅनिलचे खास पॅच (चिकटपट्ट्या) बनवतात. त्यांचाही पूर्ण परिणाम व्हायला कित्येक तास लागतात. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनांनी 2017 मध्येच सांगितलंय की चुकून हाताला पावडर लागल्याने ओव्हरडोस होणं जवळपास अशक्य आहे. नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, पावडर उडवू नका, हात साबण-पाण्याने धुवा (सॅनिटायझर नको). खरी भीती सुईची, ती टोचू देऊ नका.

आपल्याकडे बहुतेकदा ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) असते, पण लक्षणं तीच: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा. माणूस मरतो तो श्वास थांबल्याने. म्हणून आधी 108 लावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, नसेल तर कृत्रिम श्वास आणि सीपीआर (छाती दाबणं). उतारा नॅलोक्सोन या औषधाचा. त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि नशा पुन्हा चढू शकते, त्यामुळे ‘उठला, बरा झाला’ म्हणून सोडू नका, हॉस्पिटलात न्याच.