गेलेले २,९०० आणि मागितलेले १३,०००

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं: नवरा-बायको दोघंही नोकरीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. मुलगी साडेतीन वर्षांची. सध्या भाड्याच्या घरात. रेडिंगच्याच टाइलहर्स्ट भागातलं १९३०च्या दशकातलं एक सेमी (शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक असलेलं घर) ४ लाख १२ हजार पौंडांना ठरलं होतं. ऑफर मान्य झाली, मॉर्गेज मंजूर झालं, सर्व्हे झाला, सर्चेस म्हणजे घराच्या सरकारी नोंदींची तपासणी आली. एक्सचेंजला, म्हणजे करार पक्का व्हायला, चार दिवस उरले आणि एजंटचा फोन आला. दुसऱ्या कुणी ४ लाख २५ हजार देऊ केलेत, तुम्ही तेवढे देत असाल तर घर अजून तुमचं. आतापर्यंत खर्च झालेले २,९०० पौंड गेले. डिपॉझिटचे ६२ हजार शाबूत आहेत आणि त्याशिवाय अडीअडचणीला ठेवलेले १५ हजार. ताई म्हणतात, १३ हजार वाढवून घर हातचं जाऊ देऊ नये. नवरा म्हणतो, वर्षभर थांबू. पुण्याहून सासरे म्हणतात, या लोकांच्या शब्दाला काही किंमत नाही, थोडं कर्ज काढून त्याच पैशांत वाकडला फ्लॅट घेऊन टाका, ८५ लाखांचा पाहून ठेवलाय.

ताई, दुसऱ्यांदा घर पाहायला गेलात तेव्हा घेतलेली पडद्यांची मापं अजून पर्समध्ये आहेत, असं तुम्ही लिहिलंय. राहू द्या. आमचंही एक घर असंच एक्सचेंजच्या तोंडाशी हातचं गेलं होतं आणि पुढचे दोन महिने आम्ही रविवारी मुद्दाम त्या रस्त्याने गाडी नेत होतो. त्या दिवसांत एकच गोष्ट शहाणपणाची केली, ती म्हणजे कुठल्याही कागदावर सही केली नाही. तुम्हीही या आठवड्यात करू नका. एजंट म्हणतो उद्यापर्यंत सांगा, पण ती घाई त्याची आहे.

सासऱ्यांचा राग मला समजतो. आपल्याकडे विसार दिला, पावती झाली की माणूस शब्दात अडकतो, निदान अडकायला हवा अशी समजूत असते. इंग्लंडमध्ये १९८९चा कायदा सांगतो की जमिनीचा किंवा घराचा करार लेखी हवा, सगळ्या अटी त्यात हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. सह्या केलेल्या प्रतींची अदलाबदल म्हणजे एक्सचेंज. आपल्या नोंदणीकृत साठेखतासारखंच ते. त्याआधी ‘ऑफर मान्य’ म्हणजे नुसती मान डोलावणं. शिवाय मालकाने लेखी नको म्हटलं नसेल तर एक्सचेंजपर्यंत येणारी प्रत्येक ऑफर मालकाला कळवणं एजंटला भागच असतं. मान्य ऑफर डावलून जास्त देणाऱ्याकडे वळण्याला इथे गझम्पिंग म्हणतात. शिव्या भरपूर बसतात, पण कोर्टात जाऊन हाती काही लागत नाही.

आता पैशांकडे वळू. तुमचा हिशोब असा आहे: ९५० सर्व्हे, ४२० सर्चेस, १,१३० सॉलिसिटरचं झालेलं काम, ४०० ब्रोकर. तुमचं म्हणणं, हे वसूल करायचं तर तेच घर घ्यायला हवं. गेलेल्या पैशांसाठी नवे पैसे घालणं चूक, हे मी एरवी लगेच सांगितलं असतं. पण इथे एक गंमत आहे. सर्व्हे आणि सर्चेस त्या घरापुरते असतात. दुसरं घर घेतलंत तर ते नव्याने करावे लागतील, सॉलिसिटरचं कामही बरंचसं पुन्हा होईल. म्हणजे अंदाजे २,५०० पौंड परत खर्च. तेच घर घेतलंत तर हे वाचतात. त्यामुळे १३ हजारांची खरी किंमत थोडी कमी भरते. उलट स्टॅम्प ड्यूटी ६५० पौंडांनी वाढते, कारण पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत शून्य आणि त्यावर ५ लाखांपर्यंत ५ टक्के. ४ लाख १२ हजारांवर ५,६००, ४ लाख २५ हजारांवर ६,२५०. सगळं धरून ते घर तुम्हाला दुसऱ्या, तितक्याच चांगल्या घरापेक्षा ११ हजारांच्या आसपास महाग पडतंय. पंचवीस-तीस वर्षं राहायच्या घरासाठी हा आकडा भयंकर नाही. तुम्हाला तेवढ्यावरच ठरवायचं असतं तर मी कदाचित घ्या म्हटलं असतं.

मी नको म्हणतोय त्याचं कारण वेगळं आहे. बँकेने घराची किंमत ४ लाख १२ हजार धरलीय. दोन महिन्यांत दुसरा गिऱ्हाईक आला म्हणून ती वाढवेलच असं नाही. न वाढवल्यास वरचे १३ हजार आणि ६५० तुम्हाला रोख घालावे लागतील. ते येणार कुठून? त्या १५ हजारांतून. घरात पाऊल ठेवाल तेव्हा गाठीला १,३५० पौंड उरतील. व्हॅनचं भाडं आणि फ्रीज घेतलात की तेही संपले.

ज्याच्याकडे इथला पासपोर्ट आहे त्याने असा धोका पत्करला तर मी फार बोलणार नाही. तुमचं तसं नाही. नोकरी गेली तर होम ऑफिस (इथलं गृहखातं) व्हिसाची मुदत साधारण ६० दिवसांवर आणतं. तेवढ्यात नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा मिळवून देणारी कंपनी, शोधायचा, आणि तोवर सरकारी मदत नाही, कारण व्हिसावरच ती नाकारलेली असते. पुढे आयएलआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीची, फी आहेच, माणशी ३ हजार पौंडांच्या घरात. हप्ता मात्र दर महिन्याला जाणारच. ते १५ हजार तुम्ही अडीअडचणीसाठी म्हणून बाजूला ठेवलेत, पण खरं तर तेच तुमचं इथलं माहेर आहे. त्याला हात लावू नका.

तरीही जीव त्याच घरात अडकला असेल तर एक मधला मार्ग आहे. ४ लाख १७ हजारांपर्यंत जा, त्यापुढे नाही. वरचे पाचेक हजार त्या १५ हजारांतूनच जातील, पण बाकीचे शाबूत राहतील. सोबत अट घाला की मालक चार आठवडे दुसऱ्या कुणाशी बोलणार नाहीत असा लेखी करार आधी करतील आणि जाहिरात उतरवतील. याला एक्सक्लुझिव्हिटी किंवा लॉक-आउट करार म्हणतात आणि तुमचा सॉलिसिटर तो दोन पानांत करून देईल. त्याने मालकावर विकण्याची सक्ती होत नाही, पण करार मोडला तर तुमचा खर्च मागता येतो. मालक नाही म्हणाले, तर ४ लाख ३० हजारवाला आला की ते तुम्हाला पुन्हा असाच फोन करायला लावतील, हे तुम्हाला फुकटात कळलं.

सासऱ्यांच्या फ्लॅटबद्दल मला जास्त लिहायचंय. ही चूक मी इथल्या मराठी घरांत वारंवार पाहतो आणि तिचं बिल चार-पाच वर्षांनी येतं. पहिलं घर घेणारा म्हणजे जगात कुठेही ज्याच्या नावावर घर नाही आणि कधी नव्हतं असा माणूस. वाकडचा फ्लॅट तुमच्या नावावर झाला की ती सवलत गेली. शिवाय दुसरं घर म्हणून ५ टक्के जादा कर लागतो. तुमच्याकडे आधीपासून ४० हजार पौंडांहून जास्त किमतीचं घर असलं की तो लागू होतो, आणि तुमचा ८५ लाखांचा फ्लॅट त्याच्या बराच वर आहे. नवरा-बायको यासाठी एकत्र धरले जातात, म्हणून एकाच्याच नावावर घेऊनही सुटका नाही. टाइलहर्स्टच्या त्याच ४ लाख १२ हजारांच्या घरावर मग ५,६०० ऐवजी ३१,२०० पौंड भरावे लागतील. फरक २५,६००. एजंट मागतोय त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आणि डिपॉझिटमधले १५ हजार तुमच्या लाइफटाइम आयसामधले (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) आहेत, १२ हजार तुमचे आणि ३ हजार सरकारी बोनस. ब्रिटनमधल्या पहिल्या घराखेरीज, ६० वर्षांच्या आधी काढले तर २५ टक्के कापतात. हातात ११,२५० येतील. बोनस तर जाईलच, वर पदरचे ७५० जातील.

गुंतवणूक म्हणून वाकड चांगलं की वाईट या वादात मी पडत नाही. इथे पहिलं घर होईपर्यंत तिकडच्या कुठल्याही कागदावर तुम्हा दोघांचं नाव नको, एवढंच म्हणतो. सासऱ्यांनी प्रेमाने त्यांच्या राहत्या घरात मुलाचं नाव लावायचं ठरवलं असेल तर तेही थांबवा. बक्षीसपत्र असो की वारसा, पहिल्या घराची सवलत दोन्हींनी जाते. हे फोनवर सांगताना त्यांना आकडे सांगा, कायदा सांगू नका. २५,६०० पौंडांचे रुपये करून सांगितले की त्यांना पटेल.

मिस्टरांचं थांबायचं मत निम्मं बरोबर आहे. भाड्याच्या घराची नोटीस एक्सचेंजच्या आधी दिली नाहीत हे फार छान केलंत, अनेक जण इथेच फसतात. १ मे २०२६पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही निघता येतं, त्यामुळे नवा वर्षाचा करार करून अडकायची भीतीही गेली. मुलीच्या रिसेप्शनचा (शाळेच्या पहिल्या वर्षाचा) अर्ज १५ जानेवारीपर्यंत करायचा असतो आणि तो भाड्याच्या पत्त्यावरही होतो, तेव्हा शाळेसाठी घर असा हट्ट नको. पण वर्षभर हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. मॉर्गेजची ऑफर त्या घरापुरती असली तरी बरेच लेंडर तोच अर्ज ठेवून घर बदलू देतात, फक्त नवं व्हॅल्युएशन होतं. ब्रोकरला आधी हे विचारा. रागाच्या भरात चार ठिकाणी नवे अर्ज टाकलेत तर प्रत्येकाची खूण क्रेडिट फाइलवर उमटते. पुढच्या घराची ऑफर मान्य होताच होम बायर्स इन्शुरन्स घ्या. तो सुरुवातीच्या काही दिवसांतच मिळतो. मालकाने माघार घेतली तर पैसे मिळतात ना, ती ओळ आधी वाचा. तोवर डिपॉझिट शेअर बाजारात नको, साध्या बचत खात्यात किंवा कॅश आयसात (करमुक्त बचत खात्यात) असू दे. तुमच्यापैकी ज्याला कमी टॅक्स लागतो त्याच्या नावावर जास्त ठेवा. बेसिक रेटला (प्राप्तिकराच्या खालच्या टप्प्याला) वर्षाचं १,००० पौंड व्याज करमुक्त असतं, हायर रेटला (त्यावरच्या टप्प्याला) ५०० च.

मधला मार्ग धरणार असाल तर एजंटला सोमवारी उत्तर द्या. दोन ओळी पुरेत: आमची ऑफर ४ लाख १७ हजार, एक्सक्लुझिव्हिटी करारासह, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नंतर त्याचा फोन आला तर उचलू नका, मेल करायला सांगा.

सॉलिसिटरला मात्र आजच लिहा. लाइफटाइम आयसाचे १५ हजार त्यांच्याकडे पोचलेत असं तुम्ही म्हणता. ते तुमच्या बँक खात्यात मागवू नका, आयसा कंपनीकडेच परत जायला हवेत. तसे गेले की दंड लागत नाही. पैसे मिळाल्यापासून ९० दिवसांची मुदत असते आणि तुमचे त्यातले बरेच दिवस संपलेत.